पान, पाणी आणि क्लोरीन

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याकडे पानगळ जोरात असते. आमच्या वसाहतीत पोहण्याचा एक लहानसा, उघडा तलाव आहे. त्याच्या पश्चिमेला एक देशी बदाम आणि एक गुलमोहर. दरवर्षी या दिवसांत पाण्याला पिवळसर झाक येते, डोळे चुरचुरल्याच्या तक्रारी सुरू होतात आणि रहिवाशांच्या सभेत ‘ती झाडे तोडा’ असा ठराव कोणीतरी मांडतेच. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, त्यामुळे ठराव बारगळतो. पण तक्रार खोटी नसते. तेव्हा पान पाण्यात पडले म्हणजे नेमके काय होते, याचा आम्ही जरा नीट विचार करायचे ठरवले.

तलावाची देखभाल करणाऱ्या मामांचा प्रश्न रास्त होता : ‘‘वाळूची गाळणी दिवसभर चालू असते, मग पाणी पिवळे कसे?’’ याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गाळणीने चहाची पूड अडते, चहा अडत नाही. वाळलेले पान पाण्यात पडले की त्यातील शर्करा, सेंद्रिय आम्ले, टॅनिन, फॉस्फेट असे विद्राव्य पदार्थ बाहेर पडू लागतात. हिरव्या पानात पेशींची पटले शाबूत असल्यामुळे हे पदार्थ आत धरून ठेवले जातात. वाळलेल्या पानात ती फाटलेली असतात. म्हणून वाळके पान ओल्या पानापेक्षा लवकर ‘उतरते’. ओढ्यातील पाल्यापाचोळ्याचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे, की काही पाने पहिल्या चोवीस तासांतच आपल्या कोरड्या वजनाचा पाव हिस्सा पाण्याला देऊन टाकतात. पुढचे कुजणे मात्र आठवडेच्या आठवडे चालते.

देशी बदाम या बाबतीत विशेष उदार! औषधी हिरडा आणि हा बदाम एकाच टर्मिनालिया प्रजातीतले. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत, ती हिरड्यातील टॅनिनच्या जोरावर. तलावाच्या लोखंडी शिडीच्या पायाशी बदामाचे पान पडून राहिले की तेथे काळा डाग उमटतो, तोही त्याच शाईचा.

आता थोडे गणित करू. तलाव १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला, तर पाणी १८० घनमीटर, म्हणजे १,८०,००० लिटर. जंतुनाशनासाठी लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन पाण्यात असावा लागतो. २ मिलिग्रॅम धरले तर सबंध तलावात क्लोरीन झाला अवघा ३६० ग्रॅम. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाळकी पाने पडली आणि त्यांचा पाचवा हिस्सा विरघळला, तर पाण्यात ४०० ग्रॅम सेंद्रिय पदार्थ उतरला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. क्लोरीन जंतू आणि टॅनिन असा भेद करीत नाही. ज्याचे ऑक्सिडीकरण होऊ शकते त्यावर तो खर्च होतो. पानांच्या अर्कावर तो खर्ची पडला, तर जंतूंसाठी काय शिल्लक राहणार? म्हणजे पान हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी ब्लीचिंग पावडर टाकणे. तीत सुमारे ३० टक्के उपयुक्त क्लोरीन धरला, तर लिटरला १ मिलिग्रॅम वाढवायला ६०० ग्रॅम पावडर लागते. ती भर दुपारी टाकली तर आणखी वाया जाते, कारण पाण्यात संरक्षक द्रव्य नसेल तर कडक उन्हात मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मा तासाभराच्या आतच नाहीसा होतो. ती सूर्यास्तानंतर टाकावी, आणि पाने काढून झाल्यावरच. (‘क्लोरीनचा वास फार येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झाला’ हा समजही बहुधा चुकीचा. तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर प्रामुख्याने क्लोरामाइन्समुळे असते. घाम आणि मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ती तयार होतात. हा दोष बदामाच्या माथी मारता येणार नाही.)

अर्क आणि क्लोरीन यांच्या भेटीचा आणखी एक परिणाम १९७४ साली उजेडात आला. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा खात्यातील रसायनज्ञ योहान्नेस रूक यांना क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म सापडले. नदीच्या पाण्यात ते अर्थातच कोणी ओतले नव्हते. कुजलेल्या वनस्पतींपासून आलेले, पाण्याला पिवळट रंग देणारे ह्युमिक पदार्थ आणि क्लोरीन यांच्यातून ते तयार होत होते. त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि त्याला भिऊन क्लोरीन बंद करणे हा वेडेपणा ठरेल. पण आधी सेंद्रिय पदार्थ कमी करा, मग क्लोरीन घाला, हा क्रम जलशुद्धीकरणात पक्का होण्यामागे हा शोधही आहे.

मग पान उतरण्याआधी काढायचे कसे? येथे पान स्वतःच आपल्याला मदत करते. पानावर मेणाचा थर असतो, आत हवा असते, पाण्याचा पृष्ठताणही त्याला तोलतो. त्यामुळे ते काही तास, कधी दिवसभरही तरंगते. पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकते. वारा ताशी १० किलोमीटर असेल, तर पान सेकंदाला जेमतेम ८ सेंटिमीटर चालते; पण १५ मीटरचा तलाव ओलांडायला त्याला तीन-साडेतीन मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणजे संध्याकाळी सगळा पाचोळा पूर्वेच्या काठाला आपणहून गोळा झालेला असतो.

आणि आमच्या तलावाचे स्किमर, म्हणजे वरचा पातळ थर ओढून घेणारी भिंतीतली तोंडे, नेमके पश्चिमेच्या भिंतीत आहेत! शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी रोज काही मिलिमीटर उतरते आणि ती तोंडे उघडी पडतात. पानगळ ऐन भरात असताना स्किमर कोरडे, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले तेव्हा जरा ओशाळलोच. भिंत हलवता येत नव्हती. पाण्याची पातळी तोंडाच्या मध्यावर राखायची आणि संध्याकाळी पूर्वेच्या काठाने लांब दांड्याची जाळी फिरवायची, एवढे मामांनी सुरू केले.

बदामाचे पान तळहाताहून मोठे, जाळीत अलगद येते. गुलमोहराच्या पर्णिका जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या. त्या जाळीच्या भोकांतून निसटतात, म्हणून तेथे मच्छरदाणीसारखे बारीक विणीचे कापड लागते. रात्री संपूर्ण तलावावर जाळी ताणणे हा चांगला उपाय, पण पाऊस येण्याआधी तिच्यावरचा पाचोळा झाडून काढला पाहिजे. नाहीतर पाने वर आणि अर्क खाली. पाण्यावर आलेल्या तेवढ्याच फांद्या परवानगी घेऊन छाटल्या, बाकीचे दोन्ही वृक्ष उभे आहेत.

शाळेत करून पाहण्याजोगा भाग असा. आवारातील दोन-तीन झाडांची वाळकी पाने प्रत्येकी एक ग्रॅम घ्या आणि वेगवेगळ्या बरण्यांत एकेक लिटर पाण्यात टाका. एका जादा बरणीत त्यांपैकीच एका झाडाची तेवढीच पाने चुरून टाका. एका बरणीत नुसते पाणी ठेवा. १, ६ आणि २४ तासांनी प्रत्येकीतील ५० मिलिलिटर पाणी गाळून घ्या. त्यात शिक्षकांनी विरल गंधकाम्लाचे काही थेंब घालावेत, मग पोटॅशियम परमँगनेटचे फिके द्रावण थेंबाथेंबाने टाकत जावे. गुलाबी रंग पाच मिनिटे टिकेपर्यंत किती थेंब लागले, ते मोजा. जितके थेंब जास्त, तितकी त्या पाण्याची क्लोरीनची भूकही मोठी. ब्लीचिंग पावडर वापरून हा प्रयोग मुळीच करू नये. आम्लाशी तिची गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.