अभिकल्प, संगणक-साहाय्यित (विद्युत् अभियांत्रिकीतील)

विद्युत् मंडलाची अथवा वीजवाहक जाळ्याची आकृती संगणकावर रेखाटून, तीमधील घटकांचे गुणधर्म नोंदवून, प्रत्यक्ष उभारणीपूर्वीच तिचे वर्तन गणिताने अजमावण्याच्या पद्धतीस संगणक-साहाय्यित अभिकल्प म्हणतात. यासाठी वापरण्यात येणाऱ्या आज्ञावलींचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात : (१) जोडणीच्या आकृत्या व घटकांच्या याद्या तयार करणाऱ्या, (२) इलेक्ट्रॉनीय मंडलांचे विश्लेषण करणाऱ्या, (३) मुद्रित मंडलाच्या फलकावरील तांब्याच्या वाटा आखणाऱ्या आणि (४) वीज पारेषण व वितरण यांच्या जाळ्यांतील दाब, प्रवाह व हानी काढणाऱ्या.

इतिहास : अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली. तीत प्रकाश-लेखणीने पडद्यावर आकृती काढता व बदलता येत असे. जाळ्यातील वीजप्रवाहाची समीकरणे न्यूटन यांच्या पद्धतीने जलद सोडविण्याची रीत डब्ल्यू. एफ. टिनी व सी. ई. हार्ट यांनी १९६७ मध्ये मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नागेल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेली ‘स्पाइस’ ही मंडल-विश्लेषक आज्ञावली १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून दिल्यामुळे पुढील अनेक आज्ञावली तिच्याच पायावर उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये आलेल्या ‘ऑटोकॅड’मुळे रेखाटनाचे काम लहान संगणकावर होऊ लागले आणि पारदर्शक कागदावर शाईने नकाशे काढण्याची जुनी पद्धत हळूहळू मागे पडली.

कार्यपद्धती : अभिकल्पक प्रथम रोधक, धारित्र, रोहित्र, चलित्र इ. घटकांची चिन्हे पडद्यावर मांडून ती रेषांनी जोडतो. वरवर हे केवळ चित्र दिसत असले, तरी कोणत्या घटकाचे कोणते टोक कोणत्या जोडबिंदूस मिळाले आहे याची यादी संगणक आतल्या आत तयार करीत असतो. आकृती व आज्ञावली यांमधील खरा दुवा ही यादीच होय. प्रत्येक जोडबिंदूशी येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य असते, या किरखोफ यांच्या नियमावरून (१८४५) जितके अज्ञात दाब तितकी समीकरणे मांडली जातात. घटकांचे वर्तन सरळ प्रमाणात नसेल, तर प्रथम एक अंदाजी उत्तर धरून ते फेरीफेरीने सुधारण्यात येते आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांतील फरक नगण्य झाला म्हणजे गणन थांबते.

उदाहरण : अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी परिसरात पानमळे व संत्र्यांच्या बागा असून त्यांचे ओलीत बव्हंशी विहिरीवरील विजेच्या पंपांवर अवलंबून असते. अशा भागातील एक कल्पित वाहिनी घेऊ. रोहित्रापासून निघालेल्या १ किमी. लांबीच्या त्रिकला वाहिनीवर दर १०० मी. अंतरावर ५ अश्वशक्तीचा एक, असे दहा पंप आहेत. प्रत्येक पंप सु. ८ अँपिअर प्रवाह घेतो व शक्तिगुणक ०·८ आहे. तारेचा रोध दर किमी.स ०·९३ ओहम व प्रवर्तनामुळे होणारा विरोध ०·३५ ओहम धरल्यास, रोहित्रापाशी ४१५ व्होल्ट असलेला दाब शेवटच्या पंपाशी सु. ३४२ व्होल्ट भरतो. म्हणजे ७३ व्होल्टची घट होते. पूर्वी लागू असलेल्या भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनुसार या दाबातील फरक ६ टक्क्यांच्या, म्हणजे सु. २५ व्होल्टच्या आत असावयास पाहिजे होता. प्रवर्तनी चलित्राचे परिपीडन (पीळ) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने येथे आरंभीचे परिपीडन मूळच्या सु. ६८ टक्केच उरते. पंप सुरू होण्यास अडखळतो, त्याची वेटोळी तापतात व अखेर जळतात.

हे पहिल्या फेरीचे उत्तर होय. दाब उतरला तरी पंपास पाणी तेवढेच उचलावयाचे असते. म्हणून शेवटचे चलित्र ८ ऐवजी सु. ९·७ अँपिअर प्रवाह ओढू लागते, त्यामुळे दाब आणखी उतरतो व हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हातांनी कंटाळवाणे ठरणारे हे काम संगणक क्षणार्धात करतो. त्याचा खरा उपयोग पर्याय तोलून पाहण्यात आहे. वरील वाहिनीस अधिक जाड (दर किमी.स ०·५४५ ओहम रोधाची) तार वापरल्यास पहिल्या फेरीतील घट सु. ४९ व्होल्टवर येते, परंतु मर्यादेत बसत नाही. याउलट तार तीच ठेवून रोहित्र पाचव्या व सहाव्या पंपांच्या मधोमध बसविल्यास घट सु. १६·५ व्होल्ट (४ टक्के) इतकीच राहते आणि तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती सु. ६·९ किवॉ.वरून १·५ किवॉ.वर उतरते. मात्र उच्च दाबाची वाहिनी ५५० मी. पुढे न्यावी लागते व तो खर्च हिशेबात धरावा लागतो. हाच विचार पुढे नेऊन, एकदोन पंपांस एक लहान रोहित्र देणाऱ्या उच्च दाब वितरण प्रणालीची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये हाती घेण्यात आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यापासून वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आहे.

मुक्त आज्ञावली : व्यापारी आज्ञावलींच्या परवान्यांचे मूल्य लहान महाविद्यालयांस व कारखानदारांस जड जाते. या दृष्टीने मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विकसित झालेली ‘ई-सिम’ (पूर्वीचे नाव ‘ऑस्कॅड’) ही आज्ञावली महत्त्वाची आहे. तीत आकृतीसाठी ‘कायकॅड’ व विश्लेषणासाठी स्पाइसपासून निघालेली ‘एनजीस्पाइस’ या दोन मुक्त आज्ञावलींची सांगड घातलेली आहे. कायकॅडचा आरंभ फ्रान्समध्ये झां-प्येर शारास यांनी १९९२ मध्ये केला. ई-सिम विनामूल्य मिळते व तिची मूळ संहिता कोणासही वाचता व सुधारता येते.

मर्यादा : संगणकाचे उत्तर त्यास पुरविलेल्या माहितीइतकेच विश्वसनीय असते. वरील उदाहरणात कागदावर दहा पंप असून वाहिनीवर प्रत्यक्षात चौदा चालत असतील, तारांचे सांधे सैल असतील किंवा भूयोजन कोरड्या जमिनीत निकामी झाले असेल, तर पडद्यावरील बिनचूक आकड्यांस काही अर्थ उरत नाही. म्हणून जागेची पाहणी, शेवटच्या खांबावरील दाबाचे प्रत्यक्ष मापन आणि निदान एका पर्यायाचा हातांनी केलेला ढोबळ पडताळा ही अभिकल्पकाची कर्तव्येच राहतात. चुकीच्या अभिकल्पाचा भुर्दंड आकृती काढणाऱ्यास पडत नसून वाहिनीच्या टोकाशी असलेल्या ग्राहकास पडतो.