गावाला पोलीस पाटील, कॉलेजला कोण?

पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकमध्ये बांधावरून भांडण पेटलं किंवा विहिरीत कुणी पडलं, तर पहिला फोन जातो पोलीस पाटलाला. १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने घालून दिलेली ही व्यवस्था आहे. पोलीस पाटील प्रांतसाहेबांनी नेमलेला, पण गावातलाच माणूस असतो. कोण कुणाचा भाचा आणि कुणाचं कुणाशी वाकडं, हे त्याला सांगावं लागत नाही. ठाण्याचे लोक येईपर्यंत तो गर्दी थोपवून धरतो आणि पुढे पंचनाम्याला पंचही तोच गोळा करतो. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात चार-पाचशे वस्तीची गावं कितीतरी आहेत, आणि त्यांच्यासाठीही कायद्याने हे पद ठेवलं आहे.

याच पट्ट्यात नायगावला नवसह्याद्रीच्या संस्था आहेत, धांगवडीला राजगड ज्ञानपीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे, भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे. अशा कुठल्याही आवारात दिवसा एका गावाइतकी माणसं वावरतात आणि त्यातली बहुतेक सोळा ते बावीस वयाची असतात. या गावाला पोलीस पाटील नाही.

‘कॉलेजचा पोलीस’ असं पदच आपल्याकडे नाही. फाटकावर निळ्या किंवा करड्या गणवेशात बसलेला असतो तो खासगी एजन्सीचा सुरक्षारक्षक. त्याच्याकडे शिट्टी, रजिस्टर आणि ओळखपत्र मागण्याचा अधिकार, एवढंच. काही मोठ्या संस्था राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान घेतात, पण तेही पहाऱ्यापुरतेच. गुन्हा नोंदवायचा तर ठाण्यातच जावं लागतं. वरव्याच्या परिसरासाठी ते राजगड पोलीस ठाणं. या नावाने बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो, कारण राजगड किल्ला वेल्ह्यात, वेल्ह्याचं ठाणं वेगळं, आणि राजगड ठाण्याकडे महामार्गालगतची भोर तालुक्यातली गावं. आता वेल्हे तालुक्याचंच नाव राजगड झाल्यामुळे ‘राजगडला कळवा’ म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न आणखी रंगणार.

ठाण्याच्या हद्दीचे बीट पाडलेले असतात आणि कॉलेज ज्या बीटात येतं, त्या बीटाचा अंमलदार हाच व्यवहारात कॉलेजचा पोलीस. पण त्याच्या वाट्याला फक्त कॉलेज नसतं. महामार्गावरचे अपघात, समन्स बजावणं, ‘मिसिंग’च्या तक्रारी, जत्रा, जमिनीचे वाद, पुढाऱ्यांचे दौरे असं सगळं उरकून उरलेल्या वेळात तो कॉलेजच्या फाटकापाशी मोटरसायकल उभी करतो. पुणे शहरात रश्मी शुक्ला आयुक्त असताना ‘पोलीस काका’ ही कल्पना आली. प्रत्येक शाळा-कॉलेजला एक ठरलेला पोलीस आणि मुलांकडे त्याचा नंबर. पुढे ‘पोलीस दीदी’ आल्या, मुलींसाठी दामिनी आणि निर्भया पथकं आली. नावं बदलत राहिली, तरी आवारात एक ओळखीचा चेहरा असावा ही गरज त्या सगळ्यांमागे होती.

हा चेहरा प्रत्यक्षात काय करतो, ते कॉलेज सुटताना पाहावं. साडेचारच्या सुमाराला फाटकाबाहेर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलींचा घोळका असतो. समोरून सायलेन्सर बदललेली बुलेट तीनदा जाते आणि दर फेरीला नेमकी घोळक्यापाशी आल्यावरच फटाके काढते. चालवणारा बहुधा कॉलेजचा नसतो, जवळपासच्या गावातला असतो. प्राचार्यांचा त्याच्यावर अधिकार चालत नाही आणि सुरक्षारक्षकाचा फाटकाबाहेर. अंमलदार पुढे होतो, किल्ली काढून घेतो आणि लायसन्स मागतो. ते नसतं. मुलगा अठराच्या आतला निघाला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा गाडीच्या मालकाला किंवा पालकालाच धरतो: २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा पोर्शे अपघात झाला, तेव्हा हे कलम घराघरात पोचलं. त्याआधी ‘पोराला समज द्या साहेब’ यावरच मिटायचं. अजूनही पुष्कळदा तसंच मिटतं.

मग पानटपरी. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, असं २००३चा केंद्राचा कायदा सांगतो. मोजायची वेळ आली की टपरीवाला कुंपणापासून मोजू नका, मुख्य फाटकापासून मोजा, असा हट्ट धरतो आणि त्यात त्याचे दहा-वीस यार्ड सुटतात. पकडला तरी दंड २०० रुपयांपर्यंत. दंड भरून संध्याकाळी टपरी पुन्हा उघडी. आवाराबाहेरच्या पोलिसी कामाचा बराच भाग असा असतो. गुन्हा किरकोळ, रोजचा आणि डोळ्यांदेखत चाललेला, पण कायद्याचा हात तेवढ्यापुरता अगदी हलका.

आवाराच्या आत मात्र कायदा हलका नाही, फक्त तो कुणी लावायचा यावर अडतं. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९मध्येच केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. मे २०१९मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला, तेव्हा याच कायद्याची कलमं लागली. हिमाचलमध्ये अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा मार्च २००९मध्ये रॅगिंगमुळे मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेच्या रॅगिंगविरोधी समितीत पोलिसांचा प्रतिनिधी हवा आणि गुन्हा घडल्याचं कळलं की संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांकडे तक्रार द्यायला हवी.

कागदावर ही चोख व्यवस्था आहे. पण समितीची बैठक वर्षातून एकदा, ऑगस्टच्या आसपास होते. पोलीस निरीक्षकांना बोलावणं जातं, ते एखाद्या उपनिरीक्षकाला पाठवतात. गुलाबपुष्प, चहा, दोन शब्द, फोटो. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्या उपनिरीक्षकाची बदली झालेली असते. पोलीस आवारात एक तर पाहुणा म्हणून येतो, नाही तर गाडीभर फौजफाटा घेऊन येतो. ऑगस्ट २०१५मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पोलिसांनी मध्यरात्री जाऊन विद्यार्थ्यांना अटक केली. त्यानंतर ‘पोलीस आवारात’ हे शब्द उच्चारले तरी विद्यार्थी संघटना सावध होतात, आणि त्यांचं चुकत नाही. या दोन टोकांच्या मधलं येणं, म्हणजे आठवड्याला एकदा, शांतपणे, फारसं काही घडलेलं नसताना येणं, आपल्याकडे रुजलंच नाही.

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला आहे. येल विद्यापीठात १८९४पासून स्वतःचे पोलीस आहेत. आपल्याकडच्या पदविका-प्रमाणपत्रांच्या कॉलेजांशी जुळणारी जी तिथली कम्युनिटी कॉलेजं, त्यांनाही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्वतःचं पोलीस खातं ठेवायची मुभा आहे. शपथ घेतलेले, पिस्तूल लावलेले, अटकेचा अधिकार असलेले पोलीस. आणि त्यांच्या दिवसाचा बराच वेळ जातो तो बंद पडलेल्या गाडीची बॅटरी चालू करून देण्यात, किल्ली आत राहिलेल्या खोल्या उघडण्यात, रात्रीच्या वर्गानंतर कुणाला पार्किंगपर्यंत सोबत करण्यात. पिस्तूल असण्यामागे त्यांची कारणं आहेत. १ ऑक्टोबर २०१५ला ओरेगॉनमधल्या अम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून नऊ जणांना मारलं. आपल्याकडे हातात बंदूक नाही, कोयता येतो. ३० सप्टेंबर २०२४ला बारामतीत कॉलेजच्या आवारात बारावीतल्या मुलाचा कोयत्याने खून झाला, आणि आरोप होता तिथल्याच मुलांवर. त्यानंतर थोड्याच दिवसांत बारामतीत ‘शक्ती अभियान’ सुरू झालं, जागोजागी तक्रारीचे शक्ती बॉक्स लागले. बारामती आणि वरवे ही दोन्ही पुणे ग्रामीण पोलिसांच्याच कक्षेतली.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर मी पिस्तूल घेणार नाही, १९९०चा क्लेरी कायदा घेईन. जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा १९८६मध्ये वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. आवारात आधी घडलेल्या गुन्ह्यांची पुरेशी कल्पना कुणी दिली नव्हती, असं तिच्या आईवडिलांचं म्हणणं होतं. त्यांच्या लढ्यातून हा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे आणि धोका दिसला तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करायचं. आपली कॉलेजं याच्या नेमकं उलट वागतात. मारामारी झाली की पहिली चिंता प्रवेशांची, दुसरी नॅकची, तिसरी उद्याच्या पेपरची. ‘घरातलं भांडण घरात मिटवू’ म्हणून पालकांना बोलावतात, माफीनामा लिहून घेतात आणि फाइल कपाटात जाते. बीट अंमलदाराला ते कळतं चहावाल्याकडून, तेही तिसऱ्या दिवशी.

कॉलेजातली तक्रारपेटी उघडली की बहुतेक चिठ्ठ्या पाणचट चहाच्या, पंखा न चालणाऱ्या वर्गाच्या आणि एका ठरावीक सरांच्या निघतात. त्यात कुठेतरी चौपदरी घडी घातलेला वहीचा कागद असतो: ‘एक मुलगा रोज स्टॉपवर थांबतो, घरापर्यंत मागे येतो. माझं नाव सांगू नका, घरी कळलं तर कॉलेज बंद करतील.’ या एका ओळीसाठी कायद्यात भक्कम तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलाग, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद. पण चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य त्या कलमाच्या आवाक्याबाहेरचं आहे. मुलीला त्या मुलाची भीती वाटते, पण त्याहून जास्त धाक घरच्या निर्णयाचा. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत झाला म्हणून डोंगरातल्या मुली कॉलेजपर्यंत पोचल्या. ‘काहीतरी झालं’ एवढा सुगावा लागला तरी पास घरात पडून राहतो. म्हणून चांगली महिला अंमलदार आधी मुलाला गाठते, समज देते, त्याची स्टेशन डायरीत नोंद करते आणि मुलीच्या घरी जीप नेत नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल आणि प्रकरण लैंगिक छळाचं असेल, तर मात्र ही मुभा राहत नाही. तिथे पोक्सो लागतो आणि कळूनही न कळवणं हाच गुन्हा ठरतो. संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि गणवेश न घालता घ्यायचा. अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात, त्यामुळे पहिल्या मजल्यावर एक कायदा आणि दुसऱ्या मजल्यावर दुसरा. हे बारकावे पोलिसाला ठाऊक असतात; प्राध्यापकांना ते ठाऊक असतीलच असं नाही.

आता पोलिसांचं जे चुकतं तेही सांगायला हवं. नसरापूरजवळच्या बनेश्वरच्या झाडीत दुपारी कॉलेजची मुलंमुली बसतात. एखादं पथक येतं, दोघांची नावं लिहून घेतं आणि घरी फोन लावतं. दोघं सज्ञान असतात, कायद्याचं काही मोडलेलं नसतं. मुलाला घरी दोन शिव्या पडतात. मुलीचं कॉलेज सुटतं आणि पुढच्या लग्नसराईत ती सासरी जाते. पथकाच्या नोंदीत हा ‘समुपदेशनाचा’ एक आकडा. मुलींच्या रक्षणासाठी काढलेल्या पथकाने एका मुलीचं शिक्षण थांबवलं, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. शिस्त, कपडे, कोण कुणाबरोबर बसतं, हा पोलिसांचा विषय नाही, आणि कॉलेजांनीही तो त्यांच्या गळ्यात बांधू नये.

अंमलदाराचं व्याख्यान ठेवलं तर विषय असतो ‘सायबर सुरक्षा’, पण हात वर होतात ते वेगळ्याच प्रश्नासाठी: ‘साहेब, भरतीला उंची किती लागते?’ या भागातली कितीतरी मुलं पहाटे रस्त्याकडेला पळताना दिसतात ती पोलीस भरतीसाठी. मुलांना १६५ सेंटिमीटर उंची, १६०० मीटर धावणं. मुलींना ८०० मीटर. शिवाय गोळाफेक आणि १०० मीटर. हुशार अंमलदार व्याख्यान बाजूला ठेवून इथूनच सुरुवात करतो. कोयता हातात घेऊन रील टाकलीस की आर्म्स ॲक्ट लागतो. चार हजार रुपयांसाठी बँकेचं खातं कुणाला ‘वापरायला’ दिलंस आणि त्यातून फसवणुकीचे पैसे फिरले, तर आरोपी तू. मग चारित्र्य पडताळणीत काय येईल? वर्गात पहिल्यांदाच शांतता होते. कायद्याच्या धाकापेक्षा भरती हुकण्याचा धाक इथे मोठा आहे, आणि तो वापरण्यात मला काही गैर वाटत नाही.

या कामाला माणूस लागतो आणि तो वर्षभर तोच लागतो. अडचण अशी की ज्या दिवसांत नवी मुलं येतात, नेमका त्याच दिवसांत तो नसतो. आषाढी वारीत पुणे ग्रामीणचं मनुष्यबळ पालखी मार्गावर लागतं, आणि अकरावीचे वर्ग सुरू होतात ते वारीच्या पाठोपाठ. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष भरतं ते गणपती-नवरात्राच्या तोंडावर. रॅगिंगचा धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा कॉलेजचा अंमलदार कुठल्यातरी मिरवणुकीपुढे दोरी धरून उभा असतो. त्याचा मोबाइल त्या दिवसांत कुणाकडे राहील, वसतिगृहातून रात्री अकराला आलेला फोन कोण उचलेल आणि प्राचार्यांऐवजी तक्रार कोण देईल, हे समितीच्या बैठकीत गुलाबपुष्पाआधी लिहून घ्यावं. बैठकही ऑगस्टात नको, जूनमध्ये, पालख्या निघायच्या आधी.