मोटारीचे आसन घरी काढताना...

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. तशी अतिवृष्टी विरळाच. मात्र दारापर्यंत चढलेले पाणी गाडीत शिरण्याचा अनुभव दर पावसाळ्यात अनेकांना येतो. वरून गालिचा कोरडा दिसला, तरी त्याखालचा जाड थर पाणी धरून ठेवतो. मग कुबट वास येतो, बुरशी धरते आणि पत्रा गंजू लागतो. गालिचा नीट वाळवायचा, तर आसने काढावीच लागतात.

पुढचे आसन बहुधा चार बोल्टांवर बसवलेले असते, त्यामुळे हे काम घरीही करता येते. परंतु मोटारीचे आसन म्हणजे दिवाणखान्यातील खुर्ची नव्हे. अनेक गाड्यांत त्याच्या पाठीच्या बाहेरील कडेत एअरबॅग दडलेली असते, तर सीटबेल्टचे कुलूप आसनालाच जोडलेले असते. काही गाड्यांत अपघाताच्या क्षणी पट्टा आवळणारे स्फोटक यंत्रही तेथेच असते.

म्हणून गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व गाडीची माहितीपुस्तिका वाचावी. जुन्या स्टिरिओला सांकेतिक क्रमांक लागत असल्यास तो हाताशी ठेवावा. हाताने सरकणारे आसन मागे नेल्यावर पुढचे बोल्ट दिसतात, पुढे आणल्यावर मागचे. आसन विजेवर सरकणारे असेल, तर वीज तोडण्यापूर्वीच सर्व बोल्ट सैल करून घ्यावेत. त्यानंतर किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही काळ साठून राहते. ती ओसरण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

आता बोल्ट पूर्ण काढावेत. आसन ओढून बाहेर काढण्याची घाई करू नये. ते हलकेच मागे कलते करून खालच्या तारा पाहाव्यात. पिवळ्या रंगाची जोडणी सहसा एअरबॅग यंत्रणेची असते. तिची खिटी उघडून जोडणी सोडवावी. तार ओढू नये. वीज तपासण्याचा दिवा वा मीटर तिला कधीही लावू नये. हेडरेस्ट काढल्यास आसन दारातून सहज निघते. ते जड असते आणि रुळांच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालून दोघांनी मिळून उचलावे.

आसन बाहेर असताना किल्ली फिरवू नये. गाडी चालवण्याचा तर विचारही नको.

खरी कसोटी आसन परत बसवताना लागते. आधी सर्व जोडण्या लावाव्यात. चारही बोल्ट हाताने काही आटे फिरवून मगच पाना लावावा आणि पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क रेंचने आवळावेत. हरवलेल्या बोल्टाऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट वापरू नये. जोराच्या धडकेत बसणाऱ्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण या चार बोल्टांवर येतो. शेवटी बॅटरी जोडून किल्ली फिरवावी. एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. तो लागलेलाच राहिला, तर एअरबॅग ऐनवेळी उघडेल याची खात्री नाही. गाडी अधिकृत कार्यशाळेत न्यावी. आसन पुढेमागे सरकवून प्रत्येक ठिकाणी ते घट्ट अडकते, हेही पाहावे.

काही वेळा मात्र हे काम हाती घेऊच नये. पाणी आसनाच्या बैठकीपर्यंत चढले असेल, तर विद्युत यंत्रणाही भिजलेली असू शकते. विजेवरील व हायब्रीड गाड्यांत मागील आसनाखाली वा तळाशी उच्च दाबाची बॅटरी असू शकते आणि तिच्या तारा नारिंगी असतात. अशा गाड्यांचे काम जाणकारावरच सोपवावे. गालिचा वाळायला चार दिवस अधिक लागले, तरी बिघडत नाही. पण एखादा बोल्ट सैल राहिला, तर तो कळतो थेट अपघाताच्या क्षणी.