अंधुक उजेडातील छायाचित्रण

छायाचित्रण म्हणजे प्रकाशाने केलेले लेखन, असे आपण म्हणतो. मग जिथे प्रकाशच तोकडा, तिथे लिहायचे कसे? पेण-रोह्याच्या परिसरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला हा प्रश्न लवकरच पडतो. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत कामाची खरी धांदल असते ती आषाढ-श्रावणात, म्हणजे आभाळ भरून आलेले असताना. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते आणि रात्रीही गावातून फिरत असते. या दोन्ही ठिकाणी मी वेगवान कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रे घेतो. ती फिल्म काय करू शकते, काय करू शकत नाही आणि घरच्या घरी ती कशी धुवावी, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ‘वेग’ या शब्दाविषयी. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडे आयोडाइड मिसळलेले, सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. स्फटिक जेवढा मोठा, तेवढा तो अधिक प्रकाश झेलतो आणि थोड्या उजेडातही त्याच्यावर संस्कार होतो. म्हणून वेगवान फिल्मचे स्फटिक मोठे आणि म्हणूनच तिच्या चित्रात कण ठळक दिसतात. वेगाचे माप अंकांत असते. अंक दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो. १०० पेक्षा २०० ची फिल्म एक पायरी वेगवान, ४०० ची दोन पायऱ्या. जुन्या जर्मन पद्धतीत अंक तीनने वाढला की वेग दुप्पट होई. एकेकाळी आपल्याकडे बरीच वापरली जाणारी पूर्व जर्मनीची ऑर्वो एन.पी. २७ ही फिल्म याच मापाने २७ अंशांची, म्हणजे ४०० ची होती.

या वेगाची किंमत कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार आणि या संस्थेचे सभासद. त्या वेळच्या काचपट्ट्यांना चांगल्या उजेडातही काही सेकंद लागत. साहजिकच छायाचित्रात येत ते उन्हातले वाडे, देवळे आणि हालचाल न करता बसलेली प्रतिष्ठित माणसे. काळोख्या खोलीत काम करणारा कारागीर चित्राबाहेरच राही. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ मध्ये ३५ मिलिमीटरच्या स्वरूपात आली, इलफर्डची एच.पी. ५ १९७६ मध्ये आली, आणि छोटा कॅमेरा हातात धरून, दिव्याचा लखलखाट न करता, घराच्या आतले चित्र घेणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा माल आता इतिहासजमा झाला आहे; मात्र ट्राय-एक्स आणि एच.पी. ५ प्लस या फिल्म्स आजही तयार होतात.

आता कारखान्यात शिरू. दाराजवळ पाटांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. त्यांच्यावर बाहेरचा उजेड. आत, भिंतीच्या कडेला, कोणी माती मळतो आहे, कोणी साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासतो आहे. पावसाळी दुपारी माझ्या मोजणीप्रमाणे दारातली मूर्ती आणि आतला चेहरा यांच्यात तीन ते चार पायऱ्यांचे अंतर असते, म्हणजे प्रकाश आठ ते सोळा पट कमी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. चौकटीत पांढऱ्या मूर्ती जास्त असल्या की तो त्यांच्याकडे झुकतो. मूर्ती सुरेख येते आणि ती घडवणारा माणूस काळ्या ठिपक्यासारखा उरतो.

इथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. निगेटिव्हवर छायेचा भाग प्रकाश देताना ठरतो आणि उजळ भाग डेव्हलप करताना ठरतो. छायेतल्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडलाच नसेल, तर पुढे कितीही वेळ डेव्हलपरमध्ये ठेवले तरी तिथे काही उमटत नाही. उलट उजळ भाग जादा वेळेत अधिकाधिक दाट होत जातो. म्हणून मी जवळ जाऊन, परवानगी घेऊन, मापक त्या माणसाच्या गालाजवळ धरतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवरून मिळालेले माप बहुधा तसेच वापरता येते. ४०० च्या फिल्मला आतल्या बाजूस छिद्र २.८ आणि शटर १/३० सेकंद, असे काहीसे उत्तर येते. मूर्ती तीन-चार पायऱ्या जास्त उजळ पडतात, पण या फिल्मला ते सोसते. पूर्ण रोल अशाच उजेडात घेतलेला असेल तर डेव्हलपिंगचा वेळ सुमारे १५ टक्के कमी करावा. मूर्तींची वळणे शाबूत राहतात.

१/३० ला चित्र हलेल ही भीती रास्त आहे. पण कामाचीही एक लय असते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर कुंचला टेकवताना श्वास रोखतो, त्याचा हात आणि मान क्षणभर स्थिर होते. आपणही खांबाला टेकून तोच क्षण साधावा. फ्लॅशचा मोह टाळलेला बरा. डोळ्यांवर एकदम लख्ख प्रकाश पडून आखणी चुकली, तर नुकसान त्याचे होते.

पालखीचे गणित वेगळे. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांत १/३० पुरत नाही, कारण भोई चालत असतात. निदान १/६० तरी हवे. छिद्र २ पर्यंत उघडले तरी ४०० ची फिल्म अपुरी पडते. मग ४०० च्या फिल्मला १६०० ची समजून प्रकाश द्यायचा आणि डेव्हलपिंग वाढवायचे, ही ‘पुश’ करण्याची पद्धत वापरतात. तिच्याविषयी एक गैरसमज आहे की फिल्मचा वेग त्यामुळे चौपट होतो. खरे म्हणजे वेग जवळजवळ तेवढाच राहतो. मधल्या छटा वर उचलल्या जातात, कण आणि काळ्या-पांढऱ्यातला विरोध वाढतो, आणि गडद छाया मात्र कायमच्या जातात. ३२०० छापलेल्या फिल्म्सही या हिशेबातून सुटलेल्या नाहीत. इलफर्डच्या डेल्टा ३२०० चा प्रमाणित वेग १००० आहे. तिचा विरोध मुळातच सौम्य ठेवल्याने ती वाढीव डेव्हलपिंग सहन करते, इतकेच. म्हणून पुश करण्याआधी मी जागा निवडतो. दुकानाचा किंवा आरास केलेला दिवा ज्या वळणावर भोयांच्या तोंडावर समोरून पडतो, तिथे आधी जाऊन थांबायचे. दिवा पाठीमागे असला तर १६०० काय आणि ३२०० काय, चेहरे कोरेच राहणार.

आता धुलाई. मी डी-७६ हा १९२० च्या दशकातला जुना, विश्वासू डेव्हलपर वापरतो. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाऊण लिटर पाण्यात याच क्रमाने विरघळवून मग लिटर पुरे करावे. मेटॉल आधी घालायचे, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात ते नीट विरघळत नाही. मेटॉल चित्र सुरू करते, हायड्रोक्विनोन त्याला दाटपणा देते, सल्फाइट द्रावण खराब होऊ देत नाही आणि बोरॅक्स अल्कधर्म पुरवते.

एच.पी. ५ प्लसला या प्रकारच्या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे, १६०० साठी १४ मिनिटे, असे कोष्टक सांगते. पण कोकणात पावसाळ्यात नळाचे पाणी २७-२८ अंशांचे असते. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेग घेते. दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो. पाच मिनिटांहून कमी वेळ आला तर फिल्मवर डाग-पट्टे उमटण्याचा धोका असतो. यावर दोन उपाय आहेत. एक, डेव्हलपरमध्ये तेवढेच पाणी मिसळावे. मग २० अंशांचा वेळ १३ मिनिटांवर जातो आणि २४ अंशांना सुमारे ९ मिनिटे मिळतात. दुसरा उपाय तापमान उतरवण्याचा. माठाचा इथे उपयोग नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि माठातले पाणी फारसे गार होत नाही. पण मासळीबाजारामुळे बर्फाला आपल्याकडे तोटा नाही. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घमेल्यातल्या पाण्यात सोडावा आणि टाकी व सगळ्या बाटल्या त्यातच उभ्या कराव्यात. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाला हवे. गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होते आणि नखाचाही ओरखडा उठतो. जुन्या काळी हायपोच्या द्रावणात तुरटी घालत, ती याच कारणासाठी. तुरटी जिलेटिन कडक करते.

ही फिल्म लाल दिव्यालाही संवेदनशील असते, म्हणून ती टाकीच्या चकरीवर मिट्ट काळोखातच चढवावी लागते. त्यासाठी रात्री वीज गेलेली असली तरी बिघडत नाही. मात्र दमट हवेत प्लास्टिकची चकरी ओलसर राहिली, तर फिल्म मध्येच अडकते. चकरी आदल्या दिवशी धुऊन कोरडी करून ठेवावी आणि हात पुसूनच काम सुरू करावे. टाकी बंद झाली की पुढचे सारे उजेडात. पहिले अर्धे मिनिट सतत आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी करावी. डेव्हलपर ओतून टाकल्यावर पाण्याने विसळावे व हायपो घालावा. फिल्मचा दुधाळपणा जायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती हायपोत ठेवावी, मग भरपूर पाण्याने धुवावी. शेवटचे विसळणे बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने केले की क्षारांचे ठिपके राहत नाहीत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. वेगळा साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा.

वाळलेल्या निगेटिव्हला आपल्या हवेत बुरशीची भीती फार. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या ठेवाव्यात. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, कारण वेगवान फिल्म उष्णतेने लवकर धूसर होते. बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडू नये, नाहीतर फिल्मवर दव धरते.

मोबाईलवर क्षणात चित्र दिसत असताना एवढा खटाटोप कशाला, असे मित्र विचारतात. मला या कामातली सक्ती आवडते. ३६ चौकटी असतात, पडद्यावर काही दिसत नाही आणि उजेड सगळ्यांना पुरत नाही. त्यामुळे कोणाचा चेहरा राखायचा, हे शटर दाबण्याआधी ठरवावे लागते. पेणची मूर्ती दरवर्षी शेकडो छायाचित्रांत येते. ती घासणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांमागचे चेहरे फार थोड्यांत सापडतात, आणि त्याचे एक कारण साधे आहे: प्रकाशमापक मूर्तीवर रोखलेला असतो.

आपल्या महाविद्यालयात कोणाला हे शिकायचे असेल, तर सुरुवात एका रोलने आणि एका कारखान्याने करावी. मालकाची आणि काम करणाऱ्यांची परवानगी घ्यावी. मापक चेहऱ्याजवळ धरावा. निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख, गाव, छिद्र आणि शटर लिहितो, तसेच त्या माणसाची हरकत नसेल तर त्याचे नावही लिहावे आणि चित्राची एक प्रत पुढच्या खेपेला त्याच्या हाती द्यावी.