टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचं डांबर ६० अंशांपलीकडे तापतं. त्यावरून पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर टर्बो हॅचबॅक दामटणाऱ्याने अलॉय व्हीलची चकाकी नंतर बघावी, आधी टायरची कड वाचावी.

समजा, तिथे ‘१९५/५५ आर १६ ८७ व्ही’ आहे. रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ८७ म्हणजे ५४५ किलोंचा भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. एवढ्या वेगाने कोण जाणार? कुणी जाऊही नये! पण वेग म्हणजेच उष्णता, आणि ते अक्षर ती सोसण्याची ताकदही सांगतं. जमिनीला टेकताना टायर दबतो, सुटला की ताठ होतो. दर वेळी थोडी ऊर्जा रबरातच उष्णता होऊन अडकते. हवा कमी असेल तर दबणं वाढतं, आणि टायर फुटण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. प्रवासात दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसला म्हणून हवा सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

मऊ रबर पकड छान देतं, पण झिजतं लवकर. ट्रेडवेअरचा, म्हणजे झीज सोसण्याचा, आकडा जितका लहान, तितकं रबर सहसा मऊ. रोज गाडी वापरणाऱ्याने मधला आकडा घ्यावा, असं माझं मत.

आणि तारीख? ‘१८२४’ म्हणजे २०२४चा अठरावा आठवडा. दुकानदार ‘ताजा माल’ म्हणाला तरी वाकून बघाच.