भ्रूणाला धक्का न लावता तपासणी आणि आपल्याकडचा सिकलसेल



परसवाडा, बालाघाट, गोंदिया, नागपूर या सगळ्या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कोणाला नवा नाही. लग्न जुळवताना आपण पत्रिका पाहतो, रक्त मात्र क्वचितच तपासतो. हल्ली टेस्ट ट्यूब बेबी करताना भ्रूणाला धक्का न लावता जनुकीय तपासणी होते, असे कानावर येते. तिचा आपल्याला किती उपयोग, ते समजून घेऊ.

सिकलसेल हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे होतो. बदललेले जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले तर मूल वाहक होते. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, हा हिशेब चुकीचा आहे.

नेहमीच्या पद्धतीत पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातील काही पेशी काढून तपासतात. नव्या पद्धतीत भ्रूणाला हात लावत नाहीत. तो ज्या द्रवात वाढतो, त्यात त्याचा थोडा डीएनए उतरतो, तोच तपासतात. अडचण अशी की हा डीएनए अतिशय कमी असतो आणि त्यात आईच्या पेशींचा डीएनए मिसळू शकतो. म्हणून ही पद्धत सध्या मुख्यतः गुणसूत्रांची संख्या पाहण्यासाठी वापरली जाते. सिकलसेलमध्ये एकच अक्षर वाचायचे असते. तिथे अशी भेसळ झाली तर निकालच फसतो. त्यामुळे सिकलसेलसाठी आजही पेशी काढून केलेली तपासणीच भरवशाची मानली जाते.

कायदाही लक्षात ठेवावा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूणाची अशी तपासणी फक्त आनुवंशिक आजारांसाठी करता येते. मुलगा की मुलगी हे पाहून भ्रूण निवडणे गुन्हा आहे.

हा उपचार खर्चिक आहे, आणि प्रत्येक वाहक जोडप्याला त्याची गरज नसते. नैसर्गिकरीत्या दिवस गेले तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना वाहक असल्याचे सांगावे.

पण त्याआधीची पायरी सगळ्यात सोपी आहे: रक्ततपासणी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. वाहक असणे हा दोष नाही, त्यावरून कोणाचे लग्न मोडू नये. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक निघाले, तर आधी कळल्याने पुढचा मार्ग विचारपूर्वक ठरवता येतो. घरात लग्नाची मुले-मुली असतील, तर ही तपासणी बोलणी सुरू होण्याआधीच करून घ्यावी.