तेरा द्राक्षांची एक बाटली

वाइनच्या दुकानात टेस्टिंग असलं की टेबलावर चार-पाच बाटल्या उघडून ठेवलेल्या असतात. विक्रेता प्रत्येकीतली घोट-दोन घोट ओतत पुढे सरकतो. कुठल्याशा घराण्याच्या वायनरीची ‘रेड ब्लेंड’ समोर आली की आपल्यातले पुष्कळजण ग्लास जरा मागे घेतात. ब्लेंड म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं, त्यापेक्षा शुद्ध एका द्राक्षाची द्या, असा त्यांचा सूर असतो. दुधात पाणी आणि हळदीत रंग पाहत वाढलेल्या माणसाला मिश्रण म्हटल्यावर भेसळ आठवणारच. पण इथे तो संशय चुकीच्या बाटलीवर येतो.

टेबलावरची बाटली शातो द बोकास्तेलची आहे असं धरून चालू. दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्याँ शहराच्या उत्तरेला शातोनफ-द्यु-पाप हे गाव आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्याँला राहत असत, त्यांनी इथे किल्ला बांधला; नावातला ‘पाप’ म्हणजे पोपच. (याच गावाच्या महापौरांनी १९५४ साली उडत्या तबकड्यांना हद्दीत उतरायला बंदी घातली होती. आजवर एकाही तबकडीने ती मोडलेली नाही.) बोकास्तेलची इस्टेट १९०९ मध्ये पिएर त्रामिए यांनी घेतली. पुढे ती जावई पिएर पेरँ यांच्याकडे आली आणि आता पेरँ घराण्याची पाचवी पिढी ती सांभाळते.

शातोनफच्या नियमांत द्राक्षाच्या १३ जातींना मुभा आहे. एकाच जातीचे काळे-पांढरे प्रकार वेगळे मोजले तर आकडा १८ वर जातो. बहुतेक बागायतदार मुख्यतः ग्रनाशवर भिस्त ठेवतात, बोकास्तेलने मात्र तेराच्या तेरा जाती लावल्या आहेत. प्रत्येक जात वेगळी तोडली जाते, वेगळी आंबवली जाते आणि नंतर चाखून चाखून किती कशात घालायची ते ठरतं. ग्रनाश पिकल्यावर भरपूर गोड होते, म्हणून तिच्यात अल्कोहोल चांगलं उतरतं आणि पिकल्या फळाची चव येते. पण तिचा रंग फिका आणि हवा लागली की ती लवकर उतरते. मूर्वेद्र नेमकी उलट. तिला पिकायला वेळ आणि ऊन दोन्ही लागतं, चव तुरट, वासात चामड्याची झाक, आणि हवेला ती चांगली टक्कर देते. बोकास्तेलच्या नेहमीच्या रेडमध्ये या दोघींचा वाटा साधारण ३०-३० टक्क्यांच्या आसपास असतो, वर्षागणिक तो थोडा हलतो. सिरा रंग आणि मिरीचा तिखटपणा देते, कुन्वाझ आंबटपणा राखते. एकीचं उणं दुसरीने भरून काढायचं, असा हा हिशेब आहे. उरलंसुरलं संपवण्याशी त्याचा संबंध नाही.

हिशेबाला दुसरी बाजू हवामानाची आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही. बाजरीत तुरीच्या ओळी तो कशासाठी टाकतो? पाऊस लवकर गेला तरी एक पीक हाती लागावं म्हणून. फ्रान्सच्याच बोर्दो भागात मेर्लो ही जात लवकर फुटते आणि लवकर पिकते, काबेर्ने सोव्हिन्याँ उशिरा. वसंतात कडाक्याच्या थंडीने दव गोठलं तर मेर्लो मार खाते, तोडणीच्या वेळी पाऊस आला तर काबेर्ने. दोन्ही बागेत असल्या की सगळं वर्ष बुडत नाही. बोर्दोच्या नामवंत रेड वाइन जवळपास सगळ्या मिश्रणाच्याच आहेत, फक्त लेबलावर द्राक्षांची नावं छापायची तिथे रीत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

भेसळीची भीती निराधार होती असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समध्ये साखर-पाण्यातून बनवलेल्या बनावट वाइनने बाजार इतका पाडला की १९०७ मध्ये लांगदोकचे द्राक्ष उत्पादक लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी वाइन म्हणजे फक्त द्राक्षं किंवा द्राक्षरस आंबवून केलेलं पेय, असं फ्रान्समध्ये कायद्याने ठरलं. शातोनफची द्राक्षदारूही तेव्हा बर्गंडीकडे जायची, तिथल्या पातळ वाइनला जोर आणायला. गावकऱ्यांनी नियम आखले, तिथलेच द्राक्ष उत्पादक बारों ल रुआ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, आणि १९३६ मध्ये गावाच्या नावाला सरकारी संरक्षण मिळालं. त्या नियमांनीच तेरा जातींचं मिश्रण मान्य केलं. कुठलं द्राक्ष, कुठल्या जमिनीतलं, हे बांधून दिलेलं असताना केलेलं मिश्रण आणि चोरून केलेली भेसळ यांत फरक करायला फ्रेंच लोक असे ठेचा खाऊन शिकले.

उलट ज्या बाटलीवर एकाच द्राक्षाचं नाव आहे, ती तरी शुद्ध असते का? अमेरिकेत लेबलावर द्राक्षाचं नाव टाकायला साधारणपणे त्या जातीचा ७५ टक्के वाटा पुरतो, युरोपीय संघात ८५. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ‘काबेर्ने’मध्ये पाव हिस्सा दुसरं काही असू शकतं, आणि ते कायदेशीर आहे. ‘प्युअर’ मागणारा गिऱ्हाईक बऱ्याचदा न सांगितलेलं ब्लेंड घेऊन घरी जातो.

रेड वाइनमध्ये काळीच द्राक्षं असतात, हा समजही तपासून पाहावा. शातोनफच्या यादीत क्लेरेत, रूसान, बुरबुलांक अशा पांढऱ्या जाती आहेत आणि रेडमध्ये त्या चालतात. शातोनफ ज्या रोन नदीच्या खोऱ्यात आहे, तिथेच उत्तरेला कोत-रोतीत सिराबरोबर २० टक्क्यांपर्यंत व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष घालता येतं. आपल्याकडचं काळं शरद सीडलेस घ्या आणि साल काढून पाहा. गर जवळजवळ हिरवट पांढरा निघेल. रंग सालीत असतो, रस सालीबरोबर आंबला की तो वाइनमध्ये उतरतो. गरसुद्धा लाल असलेल्या थोड्या जाती आहेत, पण त्या अपवाद.

‘घराण्याची वायनरी’ हे शब्द विक्रेता मोठ्या जिव्हाळ्याने उच्चारतो. ऐकणाऱ्याला चार एकरांची बाग आणि हाताने बाटल्या भरणारे आजोबा दिसतात. पेरँ घराण्याचीच ‘ला व्हिएय फर्म’ ही कोंबड्यांच्या चित्राची स्वस्त वाइन जगभरच्या सुपरमार्केटांत मिळते, आणि ब्रॅड पिटच्या मिराव्हाल रोझेमागेही हेच हात आहेत. घराण्याची मालकी म्हणजे निर्णय कोण घेतं एवढंच. धंदा केवढा, ते त्यावरून कळत नाही. कुटुंबाच्या कथेला भुलून दोन पैसे जास्त मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत, पण जाणून.

तज्ज्ञाला एका घोटात सगळं कळतं, या समजाला बोर्दोतल्याच एका प्रयोगाने टाचणी लावली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. यावरून ‘वाइनतज्ज्ञ म्हणजे सगळी बनवाबनवी’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात, तोही तितकाच घाईचा. भाग घेणारे वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हेत. डोळा नाकाला ओढून नेतो, एवढं त्यातून दिसलं. म्हणून टेस्टिंगमध्ये विक्रेत्याचं वर्णन ऐकण्याआधी वास घ्यावा.

बाकीचे समज पटापट. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारा म्हणजे दर्जाची खूण नव्हे. अल्कोहोल उडून पृष्ठताण बदलल्याने त्या बनतात. रेडने होणाऱ्या डोकेदुखीचं खापर वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटवर फोडलं जातं, पण युरोपीय नियमांत कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि कोरड्या व्हाइटला २०० ची. रेड हृदयाला चांगली, हे १९९१ च्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानंतर फार पसरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही. जुनी तितकी चांगली, हेही थोड्याच बाटल्यांना लागू आहे. बोकास्तेल दशकभर सहज टिकते, दुकानातल्या बहुतेक बाटल्या मात्र एक-दोन वर्षांत उघडाव्यात. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात, ती खोली जुन्या युरोपातली १६ ते १८ अंशांची. मे महिन्यातल्या पुण्यात बाटली वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली नाही तर घोटात फक्त दारूचा चटका लागतो.

थुंकणं असभ्य नाही. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं. ‘येथे थुंकू नये’च्या पाट्या वाचत मोठं झालेल्यांना अवघड जातं, पण पाच बाटल्या चाखून गाडी चालवायची असेल तर दुसरा मार्ग नाही. तरीही थोडं पोटात जातंच, त्यामुळे चालवणारा वेगळा असलेला बरा. चाखलं म्हणून बाटली घ्यावीच लागते असंही नाही. घ्यायची असेल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: मिश्रणात मुख्य द्राक्ष कोणतं, आणि ही बाटली उघडली कधी. ग्रनाशचा भर असलेली कालपासून उघडी असेल तर तिची खरी चव तुम्हाला मिळालेलीच नाही, ताजी उघडायला सांगा. मूर्वेद्र भरपूर असलेली दुसऱ्या दिवशी कधी कधी जास्तच खुलते.